मेश वायफाय: बरेच महिने वापरल्यानंतर

घरात एकाच राउटरच्या जागी दोन युनिटांचा मेश संच (दोन्ही युनिटं मिळून घरभर एकच वायफाय देतात) बसवला, त्याला आता बरेच महिने झाले. रेंजबद्दल तक्रार नाही. मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडखळायचा, तो आता नीट चालतो. पण घेताना सगळे रेंज आणि स्पीडचे आकडेच बघतात. रोजची डोकेदुखी त्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त छळलं प्रिंटरने. मशीन चालू, वायफायचा दिवा स्थिर, तरी लॅपटॉप म्हणणार ‘ऑफलाइन’. ड्रायव्हर काढून परत टाकला की चालायचा, मग काही दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी प्रिंटरच्या पॅनलवरून नेटवर्क रिपोर्ट छापला. त्यावर आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.३४ आणि लॅपटॉपच्या पोर्ट सेटिंगमध्ये १९२.१६८.१.२१! राउटर रीस्टार्ट झाला की डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी राउटरमधली सोय) प्रिंटरला नवा आयपी देत होता आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत होता. राउटरमध्ये प्रिंटरसाठी आयपी रिझर्व्ह केला, लॅपटॉपमध्ये तोच टाकला. त्यानंतर प्रिंटर एकदाही हरवलेला नाही.

स्मार्ट प्लग आणि बल्बचं दुखणं वेगळं. यातली बहुतेक उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि मेश २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड (वायफायचे फ्रिक्वेन्सी पट्टे) एकाच नावाखाली देतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर असला की जोडणी बऱ्याचदा अर्ध्यातच अडते. त्यात सिक्युरिटी निव्वळ डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेचं डब्ल्यूपीए२ नंतरचं मानक) ठेवली, तर जुनी उपकरणं आत येतच नाहीत, कारण ते मानकच २०१८ मध्ये आलं. या संचात २.४ साठी वेगळ्या नावाचं नेटवर्क करता येतं. त्यावर डब्ल्यूपीए२ ठेवलं आणि सगळं पहिल्या फटक्यात जोडलं गेलं. तुम्ही घेणार असाल तर ही सोय आहे का, हे आवर्जून तपासा.

मग ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून मिनिटभर गायब व्हायला लागलं. कंपनीचं ॲप तेव्हाही ‘नेटवर्क उत्तम’ असंच दाखवत होतं, याचा मला खरोखर राग आला. ब्राउझरमधून राउटरच्या पानावर जाऊन लॉग उघडला तर तिथे ‘रडार डिटेक्टेड’. बहुतेक देशांत ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनल (बँडचे क्रमांक दिलेले छोटे भाग) रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरने चॅनल सोडायचा, आणि नवा चॅनल त्याच पट्ट्यातला असेल तर किमान ६० सेकंद नुसतं ऐकत थांबायचं, असा नियम आहे. चॅनलची ऑटो निवड काढून त्या पट्ट्याबाहेरचा चॅनल ३६ कायम केला, प्रश्न मिटला. २.४ वर तसंच १, ६, ११ यांपैकी जो मोकळा असेल तो घ्यावा, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ.

‘नेट चालत नाही’ अशी हाक आली की आता आधी लॅपटॉपवरून राउटरला पिंग करते, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघते. तिथूनच उत्तर उशिरा किंवा तुटक आलं, तर दोष घरातल्या वायफायचा. ते ठीक असेल तर ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. तेही चालतं पण साइट उघडत नाही, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी सोय) बघायचं. आणि उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही. एवढ्यावर बहुतेक वेळा कळतं की इंटरनेट कंपनीला फोन करायचा की नाही.

दोन युनिट केबलने जोडता येत असतील तर जरूर जोडा. ड्युअल बँड (फक्त २.४ आणि ५ असे दोनच बँड असलेल्या) संचात केबल नसेल, तर युनिटांची आपसातली वाहतूक आणि तुमची उपकरणं एकाच रेडिओवर येतात आणि दूरच्या युनिटवर स्पीड जवळपास निम्म्यावर येतो. आमच्याकडे केबल टाकल्यावर हा फरक लगेच जाणवला.

संच ठेवणार आहे. एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही: लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेलं तरी तो पुढच्याच युनिटला चिकटून राहतो. युनिट कधी बदलायचं हे शेवटी लॅपटॉप ठरवतो, राउटर फक्त सुचवू शकतो. वायफाय बंद करून चालू केलं की जागेवर येतो. पुढच्या युनिटची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) कमी करता आली असती तर फरक पडला असता, पण या संचात तो पर्यायच दिलेला नाही, आणि एवढ्यासाठी मी एक तारा कमी देईन.