पोलिसात अर्ज करायचाय, मग स्वतःची गन आत्ता घ्यावी की नंतर?

माझी भाची अ‍ॅरिझोनात शिकली, अमेरिकन सिटिझन आहे, वय २२, आणि आता कॅलिफोर्नियात डेप्युटी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसाच्या पोस्टसाठी अर्ज करतेय. तिच्या कॉलेजचा एक मित्र पण तोच अर्ज भरतोय. त्याच्याकडे दोन वर्षांपासून स्वतःचं ग्लॉक १७ पिस्तूल आहे आणि हिने आजवर गन विकत घेतलेली नाही. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, मामा मी पण आत्ताच एक घेऊन टाकू का, हात बसेल, इंटरव्ह्यूत पण बरं दिसेल, की बॅकग्राउंड चेकमध्ये तेच आडवं येईल? मी इथे अमेरिकेत बरीच वर्षं आहे, रेंजवर जातो, स्वतःची गन आहे, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. दोघांचे फॉर्म माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एक रविवार बसलो, त्यातून जे दिसलं ते इथे लिहितोय, कारण आपल्यातली बरीच मुलं आता या लाइनला जायला लागलीयत आणि आई-वडलांना यातलं काही माहीत नसतं.

माझं मत आधीच सांगतो. नुसती गन असणं हा मायनस नाही आणि प्लस पण नाही. इथे तो घटनेने दिलेला हक्क आहे, अर्जदाराची चौकशी करणाऱ्या इन्व्हेस्टिगेटरच्या स्वतःच्या घरी पण दोन-चार असतात. पण गन घेतली की तुमच्या नावाने एक तारीख आणि एक सही तयार होते, आणि पुढे अर्जात तुम्ही जे जे लिहाल ते त्या तारखेशी जुळावं लागतं. ज्याच्याकडे गन नाही त्याला ही तारीखच नाही. बाकीचे सगळे मुद्दे यातूनच निघतात.

आधी हे बघा की त्यांना दिसतं काय. दुकानातून गन घेताना केंद्र सरकारचा फॉर्म ४४७३ भरावा लागतो, मग डीलर एनआयसीएसला, म्हणजे एफबीआयच्या चेकिंग सिस्टिमला विचारतो, ही सिस्टिम नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. उत्तर येतं प्रोसीड (विका), डिले (थांबा) नाहीतर डिनाय (विकू नका). प्रोसीड आलं तर त्यातली ओळख पटवणारी माहिती एफबीआयला २४ तासांत पुसून टाकावी लागते, आणि १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला गनमालकांची देशभराची यादी ठेवायलाच बंदी आहे, कागद राहतो तो डीलरच्या कपाटात. राज्यांचं मात्र वेगवेगळं आहे, कॅलिफोर्नियात विक्रीची नोंद राज्याच्या जस्टिस डिपार्टमेंटकडे जाते, इलिनॉयमध्ये एफओआयडी, म्हणजे गनमालकाचं ओळखपत्र लागतं, अ‍ॅरिझोनात यातलं काहीच नाही. म्हणजे मित्राचं ग्लॉक कॉम्प्युटरवर कुणाला दिसलं नसतं.

यावरून काही मुलं म्हणतात की मग सांगायचंच कशाला. हे अजिबात करू नका. इन्व्हेस्टिगेटर नुसता कॉम्प्युटरवर बसत नाही, तो जुन्या रूममेटला, एक्सला, शेजाऱ्याला, आधीच्या मॅनेजरला फोन करतो, इन्स्टाग्राम बघतो, बऱ्याच ठिकाणी घरी येतो, आणि बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची मशीनवरची चाचणी असते (१९८८ च्या कायद्याने प्रायव्हेट कंपन्यांना त्यावर बरीच बंदी आहे, सरकारी नोकरीला ती लागू नाही). गन असल्यामुळे कुणी बाद होत नाही, लपवली म्हणून होतं, आणि खोटं बोलल्याचा शेरा एका ठिकाणी पडला की पुढच्या डिपार्टमेंटच्या फॉर्मवर पण विचारतात की आधी कुठे अर्ज केला होता आणि काय झालं.

आता सगळ्यात जास्त ज्यात मुलं अडकतात ते. फॉर्म ४४७३ वर सरळ विचारलंय की तुम्ही बेकायदा ड्रग्ज वापरता का किंवा व्यसन आहे का, आणि खाली इशारा आहे की गांजा तुमच्या राज्यात चालत असला तरी केंद्राच्या कायद्यात चालत नाही. सगळे नाही वर टिक करून मोकळे होतात. मग दोन वर्षांनी पोलिसाच्या अर्जात ड्रग्जचा इतिहास विचारतात, कधीपासून कधीपर्यंत, किती वेळा, आणि तिथे मुलगा प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या ओळखीतला एक मुलगा, दुसऱ्या राज्यातला, त्याने लिहिलं २०२१ ते २०२३, वीकेंडला मित्रांबरोबर, आणि चार पानं पुढे त्यानेच लिहिलं की २०२२ च्या मे महिन्यात पिस्तूल घेतलं. दोन्ही वाक्यं खरी, दोन्ही त्याच्याच अक्षरात, आणि एकत्र वाचली की अर्थ होतो की मी फेडरल फॉर्मवर खोटी सही केली, ज्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुणी केस केली नाही त्याच्यावर, पण फाइल तिथेच संपली. त्याच्याबरोबर अर्ज केलेला, तितकाच गांजा ओढलेला पण गन नसलेला दुसरा मुलगा एक वर्ष थांबून परत अर्ज करायला मोकळा होता. एफबीआयसुद्धा अर्जाच्या आधीचं एक वर्ष गांजा नको एवढंच म्हणते, म्हणजे नुसता गांजा काळाबरोबर मागे पडतो, पण खोटी सही काही मागे पडत नाही.

हंटर बायडनचं सगळ्यांनी बातम्यांत बघितलं असेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये डेलावेअरच्या दुकानातून, फॉर्मवर ड्रग्जच्या प्रश्नाला नाही लिहून, एक रिव्हॉल्व्हर घेतलं, ११ दिवस जवळ होतं, जून २०२४ मध्ये ज्युरीने तीनही आरोपांत दोषी ठरवलं, आणि पुराव्यात त्याचे स्वतःचे मेसेज आणि स्वतःचं लिखाण होतं. डिसेंबर २०२४ मध्ये वडलांनी, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी, माफी दिली. ड्रग्ज वापरणाऱ्याला गन नको या कलमावर कोर्टात बरीच भांडणं झालीयत हे मला माहितीय, पण बॅकग्राउंड इन्व्हेस्टिगेटर कोर्टाची वाट बघत बसत नाही, त्याला फक्त हा माणूस सही करताना खरं बोलतो का एवढंच बघायचं असतं.

त्याच फॉर्मवर अजून एक प्रश्न आहे जो साधा वाटतो, ही गन तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना. अब्राम्स्की नावाच्या माजी पोलिसाची केस यासाठी वाचण्यासारखी आहे. व्हर्जिनियात राहायचा, काकाला ग्लॉक १९ हवं होतं, पोलिसांना डिस्काउंट मिळतं म्हणून याने जुनं ओळखपत्र दाखवून घेतलं, पण काकाने आधीच ४०० डॉलरचा चेक पाठवला होता आणि चेकवर चक्क ग्लॉक १९ असं लिहिलेलं. काकाला गन ठेवायला कायद्याने काहीही अडचण नव्हती, तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की हे खोटं बोलणंच झालं. स्वतःच्या पैशाने खरंच गिफ्ट दिली तर चालतं, दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्यासाठी आणली तर नाही. आपल्याकडे एकमेकांसाठी वस्तू आणून द्यायची सवयच आहे, तू जातोयस ना दुकानात मग माझं पण घेऊन ये, तर या एका वस्तूच्या बाबतीत ती सवय सोडा.

मित्राच्या फॉर्मवर मला खरा घाम फुटला तो राज्य बदलण्याच्या भागावर. अ‍ॅरिझोनात २०१० पासून परमिटशिवाय गन बाळगता येते, गाडीत ग्लव्ह बॉक्समध्ये भरलेली ठेवली तरी कुणी विचारत नाही. तीच गाडी तशीच चालवत कॅलिफोर्नियाची हद्द ओलांडली की गुन्हा, तिथे पिस्तूल रिकामं करून लॉक केलेल्या डब्यात किंवा डिकीत पाहिजे, आणि ग्लव्ह बॉक्स लॉक केला तरी तो डबा धरत नाहीत. ग्लॉक १७ बरोबर १७ गोळ्यांचं मॅगझिन येतं, कॅलिफोर्नियात १० च्या वरचं आणता येत नाही. राहायला आलात की ६० दिवसांच्या आत राज्याला कळवायचं. मी त्याला विचारलं की तू याआधी कधी गन घेऊन तिकडे गेलायस का, तर तो आधी नाही म्हणाला, मग जरा गप्प बसला, मग म्हणाला एकदा बीचला गेलो होतो तेव्हा बहुतेक बॅगेतच होती. हे बहुतेक पॉलिग्राफच्या खुर्चीत आठवलं तर काय होईल विचार करा, कारण तिथे हमखास विचारतात की पकडला गेला नाहीस असा एखादा गुन्हा केलायस का. त्याला सांगितलं की आत्ताच लिही, तारीख आठवेल तेवढी लिही, माहीत नव्हतं तर माहीत नव्हतं असं लिही. पावती, सिरियल नंबर, दहाची मॅगझिन घेतल्याचं बिल, कळवल्याचा कागद, सगळं एका फाइलमध्ये लावलं. एवढं करूनही त्याला दुसऱ्यांदा बोलवलं, दोन तास फक्त गनवर, घरी कुठे ठेवतोस, किल्ली कुणाकडे, दारू पिऊन कधी हातात घेतलीस का, रागात कधी कुणाला दाखवलीस का. भाचीचं हे पान पाच मिनिटांत संपलं.

म्हणजे गन नसलेल्याला सगळं सोपं असं वाटेल, पण तसं पण नाहीये. काही गोष्टी दोघांना सारख्याच लागू आहेत. घरगुती हिंसेचा छोटा गुन्हा जरी सिद्ध झाला असेल तर १९९६ च्या लॉटनबर्ग दुरुस्तीप्रमाणे गन ठेवता येत नाही आणि पोलिसांना यात ड्युटीची पण सूट नाही, मग ज्याला गन हातात घेता येत नाही त्याला नोकरी कशी देणार. एसएफ-८६ वर, म्हणजे फेडरल क्लिअरन्सच्या फॉर्मवर, गन आणि स्फोटकांसंबंधी कधीही आरोप लागला होता का हे विचारतात, तेव्हा आता गन आहे की नाही याने फरक पडत नाही.

आणि आपल्या मुलांसाठी एक खास मुद्दा, जो इथल्या गोऱ्या मुलांना कधी येत नाही. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असताना, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद सोडले तर, गन विकत घेणंच काय, हातात घेणं पण फेडरल कायद्यात बसत नाही. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. लास वेगासला जाऊन रेंजवर रायफल घेऊन काढलेले फोटो किती जणांच्या प्रोफाइलवर आहेत बघा. रेहैफ नावाचा यूएईहून आलेला विद्यार्थी फ्लोरिडात रेंजवर गेला, मार्क कमी म्हणून कॉलेजने काढल्यामुळे तोपर्यंत त्याचं व्हिसाचं स्टेटस गेलं होतं, १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की आपलं स्टेटस गेलंय हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे, पण तिथपर्यंत पोचायला किती वर्षं आणि किती वकील लागले असतील. तेव्हा आज सिटिझन झालेला आणि पोलिसात जाऊ बघणारा कुणी असेल तर जुना रेंजचा फोटो कुठल्या वर्षाचा आणि तेव्हा कुठला व्हिसा होता हे आधी तपासा, आणि काही निघालं तर अर्जाच्या आधी वकिलाशी बोला.

आत्ता अर्जाच्या तोंडावर घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात घ्या. डिले आला तर घाबरायचं कारण नाही, सारख्या नावामुळे पण येतो, वारंवार येत असेल तर अर्ज करून यूपीआयएन, म्हणजे चेकिंगमध्ये तुमची नेमकी ओळख पटवणारा नंबर घेता येतो. पण डिनाय आला तर २०२२ च्या कायद्यापासून एफबीआय २४ तासांच्या आत तिथल्या पोलिसांना कळवते, आणि त्याच पोलिसांकडे तुमचा अर्ज पडलेला असू शकतो. जुनी कुठली केस रेकॉर्डवर अर्धवट राहिली असेल तर ती आधी स्वच्छ करून घ्या, दुकानाच्या काउंटरवर कळायला नको.

इंटरव्ह्यूत बरं दिसेल या गोष्टीत मला फारसा दम वाटत नाही. अ‍ॅकॅडमीत शून्यापासून शिकवतात, पकड कशी, बोट ट्रिगरच्या बाहेर कसं, सगळं. माझ्या बरोबर रेंजवर येणारे एक रिटायर्ड इन्स्ट्रक्टर नेहमी म्हणतात की नवीन पोरगी लवकर शिकते, यूट्यूब बघून शिकलेल्याची आधी सवय मोडावी लागते. कॅरी परमिट, म्हणजे गन जवळ बाळगायचा परवाना घेतलेला असेल तर थोडा फायदा मी मानतो, कारण ठसे आणि क्लास आधीच झालेला असतो आणि हा माणूस नियमाने चालतो एवढं दिसतं.

म्हणून भाचीला मी सांगितलं की आत्ता नको घेऊस. रेंजवर भाड्याने पिस्तूल मिळतं, महिन्यातून दोनदा जा, नीट क्लास लाव, नोकरी लागली की डिपार्टमेंट काय देतं ते बघून मग ठरव. ती एकटी राहत असती आणि तिला खरंच भीती वाटत असती तर मी उलट सांगितलं असतं, घे, पावती जपून ठेव आणि लॉक लाव, कारण स्वतःच्या जिवापेक्षा फॉर्म मोठा नाही. आणि ज्याच्याकडे आधीच आहे त्याने अर्जाच्या आधी घाईघाईने विकायला पण जाऊ नये, विकलीस तर कुणाला, कागद कुठेय, म्हणजे अजून एक तारीख वाढली. मित्राला मी तेच सांगितलं, त्याने ठेवलीय.

शेवटी तिच्या फॉर्मवर एक ओळ राहिली होती, तुमच्या घरात इतर कुणाची गन आहे का. तिने नाही लिहिलं होतं. मी म्हटलं रूममेटला विचारलंस का? म्हणाली त्यात काय विचारायचं, ती नर्सिंग करते. तरी फोन लावला, स्पीकरवर. रूममेट म्हणाली, अगं ते माझ्या कपाटात वरती निळं लॉकवालं खोकं आहे ना, ते आजोबांचं रिव्हॉल्व्हर, तुला सांगायचं राहूनच गेलं. भाचीने पेन उचललं, नाही वर एक रेघ मारली आणि बाजूला सही केली.