लोकवर्गणीतून आलेलं स्वस्त एस्प्रेसो मशीन, मालवणात अख्खा पावसाळा वापरून

मशीन घरी येऊन पाच महिने झाले. मे अखेरीस आलं आणि लगेच पाऊस लागला, म्हणजे ह्याची परीक्षा आमच्याकडच्या सगळ्यात वाईट दिवसांत झालीय. बरेच जण विचारत होते घेऊ का, पैसे टाकू का, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं एक आणि कुडाळच्या मित्राचं एक अशा दोनच मशीनवरून अख्ख्या कंपनीवर शिक्का मारणं मला बरोबर वाटत नाही, पण थर्मोब्लॉक (पाणी वाहता वाहता तापवणारा धातूचा ठोकळा) आणि पीआयडी (तापमान सांभाळणारा कंट्रोलर) असलेली जी छोटी मशीन्स किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या वेबसाइटवर, येत असतात त्या सगळ्यांसाठी ह्यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी पैशाचं. पैसे टाकताना २२ हजार गेले, कुरिअर आणि कस्टम धरून हातात पडेपर्यंत ३१ झाले, आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा ११ महिने उशीर. ते ११ महिने मी खरंच काळजीत होतो, कारण डोक्यात झेडपीएमचं प्रकरण होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०११-१२ मध्ये अमेरिकेत झेडपीएम नावाच्या छोट्या कंपनीने अगदी असंच मशीन किकस्टार्टरवर मांडलं होतं, स्वस्त, घरगुती, तापमान नीट सांभाळणारं. मागितले २० हजार डॉलर आणि लोकांनी दिले जवळजवळ ३ लाख ७० हजार, दीड हजाराच्या वर माणसं होती त्यात. मग डिझाईन बदलत गेलं, कारखान्याचं गणित जमेना, तारखा पुढे पुढे जात राहिल्या आणि २०१५ च्या सुरुवातीला त्यांनी काम बंद करत असल्याचं कळवलं. बहुतेकांना मशीनही नाही आणि पैसेही नाहीत. आपण गावात देवळाच्या कामाला वर्गणी देतो तेव्हा येताजाता भिंत किती वर आली ते दिसतं, गवंडी कोण ते माहीत असतं, अडलं तर चार माणसं बसून विचारतात. इथे तसं काहीच दिसत नाही. हे दुकानातून घेणं नाहीये, कुणाच्या तरी कल्पनेला पैसे देणं आहे, आणि ते बुडू शकतात हे धरूनच द्यायचे.

आता मशीन. मी सहा वर्षं मोका पॉटवर, म्हणजे गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यावर, काढली, मोका पॉट मला अजूनही आवडतो, पण त्याला दीड-दोन बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) वर प्रेशर मिळत नाही आणि एस्प्रेसोला ९ च्या आसपास लागतं. बाजारातल्या स्वस्त मशीनच्या खोक्यावर '१५ बार' मोठ्ठं छापलेलं असतं त्याला भुलू नका, तो पंपाचा जास्तीत जास्त जोर झाला, कॉफीवर तेवढा पडला तर उलट बिघडते. ह्या मशीनमध्ये जादा प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह आहे आणि तो कारखान्यातूनच ९ ला लावून आलाय, ही मला सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटली. दुसरं म्हणजे पीआयडी. साध्या थर्मोस्टॅटमध्ये हीटर चालू-बंद होत राहतो आणि पाणी कधी जास्त तापलेलं कधी कमी, म्हणून एक कप कडूजहर आणि दुसरा आंबट. पीआयडी सारखं मोजत राहतो आणि लागेल तेवढीच उष्णता देतो. मी ९३ डिग्रीला ठेवतो, १८ ग्रॅम कॉफी, २८ सेकंदात ३६ ग्रॅम एस्प्रेसो, आणि सकाळी जे कपात पडतं ना ते बघून पैसे टाकल्याचं समाधान वाटतं. जाड, तपकिरी, चॉकलेटसारखा वास. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "ह्यां इतक्या कडू कित्याक पितंस?" पण दूध घातल्यावर तीच आता रोज अर्धा कप घेते.

सकाळी म्हटलं ते मुद्दाम, कारण संध्याकाळी गोष्ट वेगळी होते. आमच्या वाडीत सातनंतर व्होल्टेज उतरतं, मी मीटर लावून बघितलं तर १८० पर्यंत खाली आलेलं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होते, म्हणजे २३० च्या जागी १८० आले की हीटर साधारण ६० टक्केच काम करतो. स्क्रीनवर ९३ दिसतं, पण पाणी वाहायला लागलं की थर्मोब्लॉक थंड पडत जातो, त्याच्यात बॉयलरसारखा उष्णतेचा साठा नसतो ना, आणि कॉफी आंबट लागते. पहिले पंधरा दिवस मी बियांना दोष देत बसलो होतो. शेवटी २ केव्हीएचा स्टॅबिलायझर घेतला तेव्हा फरक पडला, तर तो खर्चही मशीनच्या किमतीत धरा. आणि पैसे टाकायच्या आधी २३० व्होल्टचं मॉडेल आहे का हे लेखी विचारून घ्या, अमेरिकेतली मशीन्स १२० ची असतात.

मग दमट हवा. जुलैमध्ये एकदम शॉट (एका वेळची एस्प्रेसो) अडकायला लागला, थेंब थेंब पडायचा, ग्राइंडर तोच, वजन तेच. हाताचा ग्राइंडर दोन क्लिक जाड केला तेव्हा सुरळीत झालं, आणि ऑक्टोबरमध्ये ऊन पडल्यावर परत बारीक करावा लागला. मान्सून्ड मलबार ह्या कॉफीचं नाव ऐकून काही जणांना वाटतं की पावसाळी हवा कॉफीला चांगली, पण ती कच्च्या बियांवरची प्रक्रिया आहे, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर गोदामात मोसमी वारा खेळवून बिया फुगवतात आणि त्यांचा आंबटपणा कमी होतो. भाजलेली बी उघडी राहिली तर नुसती शिळी होते. मी चिकमगळूरची २५० ग्रॅमचीच पाकिटं मागवतो आणि उघडली की हवाबंद बरणीत. ग्राइंडरवर हात आखडू नका हे मात्र कळकळीने सांगतो, मशीन कितीही चांगलं असलं तरी खराब दळलेल्या कॉफीतून पाणी वाट शोधून एका बाजूने निघून जातं.

दूध तापवायची वाफ कमकुवत आहे. एका कपाचं दूध होतं, पाहुणे आले तर सरळ चहा टाका.

सगळ्यात वाईट वाटलं ते स्क्रूचं. वरून पत्रा स्टेनलेस, पण खालच्या ट्रेचे आणि आतल्या कव्हरचे स्क्रू साधे, दोन महिन्यांत तांबूस डाग आणि गंज. समुद्र माझ्या घरापासून पाचशे मीटरवर आहे, इथे सायकलची चेनसुद्धा टिकत नाही, पण ११ महिने उशीर केल्यावर चार रुपयांच्या स्क्रूवर काटकसर करायला नको होती. बंदराजवळ बोटींचं सामान मिळतं त्या दुकानातून ३१६ स्टीलचे (खाऱ्या हवेत सहसा न गंजणारे) तसेच स्क्रू आणून बसवले, तेव्हापासून ठीक आहे. पाण्याची मात्र काळजी नाही, आमच्या विहिरीचं पाणी मऊ आहे, किटलीत पांढरा थर धरत नाही, त्यामुळे आत क्षार साठायची भीती कमी.

मग घ्यावं का? मशीन तयार होऊन लोकांच्या घरी पोचली असतील, कुणीतरी उघडून आतले फोटो दाखवले असतील आणि सुटे भाग विकत मिळत असतील तर जरूर घ्या, ह्या किमतीत इतकं स्थिर तापमान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. नुसता व्हिडिओ आणि एक नमुना एवढंच असेल तर थांबा. माझ्या मित्राने ह्याच कंपनीच्या पुढच्या मोठ्या मॉडेललाही पैसे टाकलेत, मी अजून नाही टाकले, आधी ते स्क्रूबद्दल लिहिलेल्या माझ्या ईमेलला काय उत्तर देतात ते बघतोय. तोवर गास्केटचे (पाणी गळू नये म्हणून हँडलच्या जागी बसवायच्या रबरी कड्यांचे) दोन जोड मागवलेत, आले की एक कुडाळला पाठवणार, त्याच्या मशीनमधून गेल्या आठवड्यापासून हँडलच्या कडेने पाणी गळतंय.