मूल गेल्यानंतर घराकडे लक्ष देणारा दवाखाना, कर्वेनगर

दोन खोल्यांचा साधा दवाखाना आहे. सर्दी-तापापासून लसीकरणापर्यंत सगळं इथे चालतं. पण हा रिव्ह्यू त्यातल्या एकाच सेवेबद्दल आहे: पेशंटमधलं एखादं मूल दगावलं तर पुढचं वर्षभर हे डॉक्टर त्या घराकडे कसं बघतात. जाहिरात नको असल्याने नाव दिलेलं नाही.

बातमी कळली की त्याच दिवशी फोन जातो आणि तो डॉक्टर स्वतः करतात. बोलणं दोन मिनिटांचं. मुलाचं नाव घेऊन, "मला कळलं. खूप वाईट झालं. परवा संध्याकाळी घरी आलो तर चालेल का?" एवढंच. "देवाची इच्छा", "अजून वय आहे तुमचं, दुसरं होईल" असलं काही नाही. अशी वाक्यं आईवडील वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

सगळ्यात बारकाईचं काम मात्र रिसेप्शनवर होतं. केसपेपरवर निधनाची तारीख लिहिली जाते, लसीच्या रिमाइंडरमधून आणि वाढदिवसाच्या मेसेजमधून नंबर निघतो, आई, वडील आणि भावंडांच्या फाइलवर टीप पडते. हे राहिलं तर काय होतं? सहा महिन्यांचं बाळ गेलेलं असतं आणि तीन महिन्यांनी आईच्या मोबाइलवर गोवर-रुबेलाच्या लशीची आठवण वाजते. किंवा काउंटरवरच्या ताई सहज विचारतात, "छोटू कसा आहे?" यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवरची नोंद वेगळी असते, ती दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमधून निघत नाही. म्हणून मनपाच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनाही वेगळं कळवलं जातं. हे फार थोडे डॉक्टर करतात.

घरची भेट तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. ही वेळ अचूक आहे. अनेक घरांत अगदी लहान मुलाचे दिवस करत नाहीत, त्यामुळे नातेवाईक लवकर परततात आणि घर एकदम रिकामं होतं. डॉक्टर अर्धा-पाऊण तास बसतात. "आधी आणलं असतं तर वाचलं असतं का?" हा प्रश्न येतोच. त्यावर "तुमची काही चूक नाही" असं घाईने म्हटलं तर आईवडील गप्प होतात, आणि प्रश्न आतच राहतो. इथे आधी विचारलं जातं, नेमकी कोणती वेळ, कोणती गोष्ट मनात अडकली आहे? मग कागद समोर ठेवून त्या तासांचा क्रम उलगडून सांगतात. आपण स्वतः तपासलं तेव्हा काय दिसलं आणि काय ठरवलं, हेही लपवत नाहीत. हॉस्पिटलचे कागद हवे असतील तर लेखी अर्जाचा मजकूर देतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात.

बाळ अंगावर पीत असेल तर आईच्या दुधाचा विषय डॉक्टरच काढतात, कारण घरात तो कोणी काढत नाही. घट्ट बांधायचं नाही, गार पट्ट्या, दुखण्यावर गोळी, आणि ताण असह्य झाला तर आराम पडेल इतकंच पिळून काढायचं. पूर्ण रिकामं केलं की पुन्हा भरतं. दूध थांबवणारं कॅबरगोलिन बीपी तपासल्याशिवाय देत नाहीत. ताप आला किंवा लाल, दुखरी गाठ लागली तर त्याच दिवशी बोलावतात. झोपेच्या गोळ्यांची पट्टी हातात देऊन मोकळं होणं इथे नाही.

भावंडांसाठी शब्द सांगून ठेवतात: "तो मेला, त्याचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही." "झोपला" म्हटलं की चार वर्षांचं पोर स्वतः झोपायला घाबरतं. "तू चिडलीस म्हणून झालं नाही" हेही स्पष्ट सांगायला लावतात.

कागदपत्रांची माहिती चोख आहे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत. हॉस्पिटलबाहेर मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना 4-अ मध्ये. मूल घरी अचानक गेलं आणि कारण कळत नसेल तर डॉक्टर दाखला देत नाहीत, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन का लागतं ते बसून समजावतात. पाच वर्षांखालच्या बालमृत्यूचा सरकारी आढावा घेतला जातो, त्यासाठी कोणी प्रश्नावली घेऊन दारात आलं तर ती चौकशी दोष शोधायला नाही, हे आधीच सांगतात.

दोन गोष्टी खटकल्या. सहा आठवड्यांनंतरची भेट संध्याकाळच्या गर्दीत ठेवतात. लस घ्यायला आलेल्या बाळांच्या रांगेत त्या आईने बसायचं, हे बरोबर नाही. दुपारी ओपीडी संपल्यावरची वेळ मागितली की मिळते, पण ती मागावी का लागावी? दुसरं, वडिलांना "मिसेसना सांभाळा" एवढंच सांगितलं जातं. त्यांची झोप, दारू, कामावरचं लक्ष कोणी विचारत नाही. आजी-आजोबांचंही तेच.

घरभेटीची फी घेत नाहीत, दवाखान्यातली नेहमीचीच. पुढचे फोन मुलाच्या वाढदिवसाला आणि वर्षश्राद्धाच्या आसपास येतात. त्या आधी रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून देतात.