'न वापरलेला जुना माल' म्हणून रंगवलेला क्लच: जुन्या अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी वाचावं असं

आमची अ‍ॅम्बेसेडर 1967 ची, मार्क टू. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. इंजिन मूळचंच: 1489 सीसीचं पेट्रोल, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी सिरीजचं. गेल्या वर्षी खंबाटकी घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी मात्र वेग घेईना आणि क्लचचं लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घर्षणाचा थर, जळाल्याचा वास आत आला. गॅरेजला नेल्यावर मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडला. अशा वेळी इंजिन जागच्या जागी बंद पडायला हवं. आमचं फिरतच राहिलं. "ताई, प्लेट संपली. सेटच बदलावा लागेल," मिस्त्री म्हणाले.

इथून पुढे जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण हाच सापळा आणखी कुणासाठी तरी लावलेला आहे याची मला खात्री आहे.

या गाडीचा क्लच मिळवणं अवघड का, हे आधी सांगते. अ‍ॅम्बेसेडर उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014 पर्यंत बनत होती, त्यामुळे 'पार्ट काय, कुठेही मिळेल' असं लोकांना वाटतं. पण मधल्या काळात डिझेल आलं, नव्वदीच्या दशकात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला. दुकानात 'अ‍ॅम्बेसेडरचा क्लच' मागितला की बहुतेक वेळा या नंतरच्या गाड्यांचा माल पुढे येतो. माझ्या गाडीला आठ इंची प्लेट लागते, म्हणजे 203 मिलिमीटर, आणि तिच्यावर गोल स्प्रिंगांची, तीन फिंगरवाली प्रेशर प्लेट. ही प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकावर, दाबून धरते; पेडल दाबलं की फिंगर, म्हणजे छोटे दांडे, तिला मागे ओढतात. त्या फिंगरांना ढकलणारं रिलीज बेअरिंगही गोळ्यांचं नसून कार्बनचं. पुण्यात नाना पेठेत विचारलं, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत विचारलं, कोलकात्याच्या मलिक बझारात ओळखीच्यांकरवी चौकशी केली. कुठे प्लेट होती तर प्रेशर प्लेट नव्हती, कुठे नुसतं कार्बन.

अशा वेळी परराज्यातल्या एका विक्रेत्याचा फोन आला. मी कुठल्या गाडीसाठी काय शोधते आहे, हे त्याला आधीच माहीत होतं. शोधाशोध करताना आपण दहा ठिकाणी नंबर देऊन ठेवतो आणि तो नंबर पुढे फिरतो. त्याच्याकडे म्हणे 'एनओएस' सेट होता: त्या काळी कंपनीतून निघालेला, गोदामात पडून राहिलेला, एकदाही न वापरलेला. फोटो आले. हिरव्या टेबलक्लॉथवर एका नामांकित इंग्लिश कंपनीच्या नावाचा पिवळट खोका, उजवीकडची पाकळी फाटलेली, शेजारी व्हर्नियर कॅलिपर आणि त्यावर 203 चं माप. भाव 14,500 रुपये. "शेवटचा सेट आहे, चेन्नईची पार्टी संध्याकाळी पैसे टाकतेय," असं दर तासाने. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल, कच्च्या पावतीवर घ्या. यूपीआयवर आलेलं नाव विक्रेत्याचं नव्हतं, "भाच्याचं खातं आहे," हे उत्तर तयार होतं. परतीची अट त्याने स्वतःहून सांगितली: सात दिवसांत परत, पण एकदा गाडीला बसवलेला माल परत नाही.

ही शेवटची अट ऐकायला अगदी रास्त वाटते. बहुतेक प्रामाणिक दुकानदारही तीच घालतात. या फसवणुकीची सगळी मदार मात्र तिच्यावरच आहे. आरसा किंवा दिवा खोटा निघाला तर हातात घेताच कळतं. क्लच खोटा आहे हे गाडी चालवल्यावर कळतं, आणि गाडी चालवायची तर तो बसवावाच लागतो. प्रोपेलर शाफ्ट सोडा, गिअरबॉक्स उतरवा, सगळं परत चढवा, एवढी मजुरी ओतून झाल्यावर खोट उघडी पडते. तोवर परतीचा हक्क संपलेला असतो. वर विक्रेता म्हणायला मोकळा: मिस्त्रीने नीट बसवला नाही.

पार्सल आलं. प्लेटचा व्यास बरोबर, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर प्लेटच्या मधल्या खाचा बरोबर सरकल्या. सर्वसाधारण गॅरेजात एवढंच तपासतात आणि तेवढं सगळं जुळलं. क्लच बसला.

पहिल्या दिवसापासून गाडी उठताना थरथरायची. रिव्हर्स टाकताना गिअरचे दात कचकचायचे, म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नव्हता. विक्रेत्याला फोन केला, तर "नवीन लायनिंग आहे मॅडम, चालवा, सेट होईल." महिना उलटायच्या आत, बोगद्याच्या अलीकडे, आतून धातू घासल्याचा आवाज सुरू झाला. गाडी टो करून आणावी लागली.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. मिस्त्रींनी सेट बाकावर ठेवला आणि थिनरचा बोळा फिरवला. पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

प्रेशर प्लेटचा काळा चकचकीत रंग बोळ्याबरोबर निघून आला. खाली गंजाचे खड्डे होते. फिंगरांची टोकं, जिथे कार्बन टेकतो तिथे, झिजून खोलगट झालेली, आणि त्या खळग्यांतही रंग भरलेला. घर्षणाची बाजू लेथवर इतकी खरवडलेली की कड पातळ झाली होती. एका जागी निळसर डाग आणि केसासारख्या चिरा मात्र राहून गेल्या होत्या. तो डाग उष्णतेचा. ही प्लेट कुठल्या तरी गाडीत वर्षानुवर्षं राबून, तापून, भंगारात गेलेली होती. सगळ्यांत संताप आणणारी गोष्ट स्प्रिंगांखाली सापडली. जुन्या स्प्रिंगा दबून बसतात, त्यांचा जोर जातो, म्हणून त्यातल्या काहींखाली वॉशर सरकवून ताण वाढवलेला. काहींखाली वॉशर, काहींखाली नाही. दाब एकसारखा पडणार कसा? थरथर तिथूनच येत होती.

क्लच प्लेटचं लायनिंग खरंच नवं होतं, पण हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला भाग, जुना. मधल्या छोट्या स्प्रिंगा बोटाने हलवल्या तरी खुळखुळत होत्या. जुनी रिव्हेटची भोकं लांबट झालेली, त्यातच नवे रिव्हेट ठोकलेले. नव्या लायनिंगमध्ये रिव्हेटचं डोकं चांगलं मिलिमीटरभर तरी आत असतं. आमच्याकडे न झिजलेल्या कडेलाही नखाला जेमतेम लागेल एवढीच खोली होती. मधल्या भागातलं लायनिंग थोडं घासताच पितळेची डोकी वर आली आणि त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले. म्हणजे मूळचा धड असलेला भागही खराब झाला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी "हा माझा माल नाही," मग "तुमच्या मिस्त्रीने बदलला," मग नंबर बंद. सेटचे साडेचौदा हजार, गिअरबॉक्स दोनदा उतरवल्याची मजुरी, टो, फ्लायव्हीलला फेस मारणं (लेथवर सपाट करणं), सगळं मिळून भुर्दंड तीस हजारांच्या घरात गेला. चढावर भर रहदारीत गाडीचा जोर जातो तेव्हा मागे ट्रक असतो, याची किंमत तर वेगळीच. पैशांची अफरातफर म्हणून मी याकडे बघूच शकत नाही. त्या माणसाने घाटात जाणाऱ्या गाडीला भंगार विकलं आणि त्याला ते माहीत होतं.

आता, बसवण्याआधी बाकावर काय बघता येतं ते. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. खरोखर गोदामात पडून राहिलेल्या मालावर घट्ट झालेलं, पिवळट पडलेलं गंजरोधक ग्रीस असतं, मेणकागदाचे तुकडे चिकटलेले असतात, उघड्या धातूवर थोडा गंजही असतो. एकसारखा ताजा काळा रंग आणि स्प्रिंगांच्या घरात उडालेले फवाऱ्याचे कण दिसले की थांबा. खोका जुना असून पिना नव्या, चकचकीत असतील तर माल नंतर भरलाय. थिनरचा बोळा फिंगरांच्या टोकांवर फिरवाच, कारण झीज तिथे लपत नाही. सरळ काच किंवा पोलादी पट्टी प्रेशर प्लेटच्या तोंडावर आडवी धरा, खाली उजेड दिसता कामा नये. सगळ्या स्प्रिंगांचा रंग, तारेची जाडी, उंची एकच हवी. प्लेट शाफ्टवर सरकवून हाताने हलवून बघा. आडवी लटपटली तर हबचे दात गेलेत. आणि आपल्या जुन्या प्लेटशेजारी नवी उभी धरून हब कुठल्या बाजूला किती बाहेर आलाय ते मोजा. व्यास आणि खाचा जुळूनही हबची ठेवण वेगळी असली तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो. उलगडताना आणि तपासताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा.

जुनं लायनिंग अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं, हे या निमित्ताने सांगते. क्लच उघडल्यावर पोरं कॉम्प्रेसरने धूळ उडवतात, ते होऊ देऊ नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

शेवटी आमचं काम झालं ते स्वतःच्याच मूळ पार्टवर. पहिल्या प्लेटचा हब शाबूत होता, मिस्त्रींनी तो फेकून दिला नव्हता. त्याच्यावर लायनिंग करून घेतलं. आमच्या मूळ प्रेशर प्लेटला एकाच मापाच्या नव्या स्प्रिंगा घातल्या, तिन्ही फिंगरांची उंची एकसारखी लावली, फ्लायव्हीलला हलकासा फेस मारला, पायलट बुश (शाफ्टचं टोक पेलणारा) बदलला. या इंजिनाला क्रँकच्या मागे आजच्यासारखं रबरी सील नसतं, तेल परत फिरवणारे आटे असतात, तिथून झिरपून तेल प्लेटवर येतं. म्हणून तेही आधी तपासून घेतलं. खर्च त्या खोट्या सेटच्या निम्म्याहून कमी आला. जुना क्लच भंगारवाल्याला देऊ नका. त्याचा हब आणि कव्हर म्हणजेच तुमच्याकडची खात्रीची मूळ वस्तू आहे, आणि अशीच कव्हरं भंगारातून उचलून ही मंडळी रंगवतात.

तक्रारीचं म्हणाल तर पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 वर फोन करून सायबर तक्रार नोंदवायची, जितक्या लवकर तितकं खातं गोठवलं जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन 1915. विक्रेता परराज्यात आहे म्हणून हात टेकायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, चॅट, कुरिअरची पावती आणि पार्सल उघडतानाचे फोटो जोडता येतात. माझी तक्रार दाखल आहे. मिस्त्रींनी दोन्ही वेळा काय दिसलं ते सहीनिशी लिहून दिलंय.

अलीकडे तोच फोटो पुन्हा दिसला. हिरवा टेबलक्लॉथ, फाटलेली पाकळी, व्हर्नियरवर 203, फोन नंबर मात्र नवा आणि भाव 16,000. ज्या खोक्यातला माल मला विकला असं तो म्हणत होता, तो खोका अजून त्याच्याकडेच आहे. हा फोटो तुम्हाला आला तर त्याला सांगा: खोक्यावर आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून, प्रेशर प्लेट उलटीसुलटी करून व्हिडिओ पाठव. आणि याआधीच कुणी पैसे दिले असतील तर चॅट पुसू नका, माल टाकून देऊ नका. एकाच विक्रेत्याविरुद्ध अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि त्यासाठी माझी सगळी कागदपत्रं मी द्यायला तयार आहे.