दिसत नसताना कोडिंग शिकायचंय: लॅपटॉपवर काय टाकावं?

बारावी झाली, बीसीएला किंवा बीएस्सी कॉम्प्युटरला प्रवेश घेतला, डोळ्यांनी दिसत नाही आणि लॅपटॉपवर नेमकं काय टाकायचं हे सांगणारं सांगली-मिरजेत कुणी भेटत नाही, अशांसाठी हे लिहितोय.

कोड लिहायला कुठलाही एडिटर, म्हणजे कोड टाइप करायचा प्रोग्रॅम, चालतो. दमछाक होते ती चूक शोधताना. डोळस मुलाला लाल रेघ दिसते, तुम्हाला ती कानाने कळली पाहिजे. मी सगळं याच एका मापाने मोजलंय.

आधी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. जॉज 1995 पासून विंडोजवर आहे, दणकट आहे, पण विकतचा. लायसन्स नसेल तर 40 मिनिटं चालतो, मग मशीन रीस्टार्ट करा. दोन तासांच्या प्रॅक्टिकलला हे परवडत नाही. दुसरा स्क्रीन रीडर एनव्हीडीए, तो फुकट आहे. ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये तो सुरू केला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. आपल्याकडच्या कॉलेजांसाठी त्यातली सर्वांत कामाची सोय म्हणजे पोर्टेबल कॉपी. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅबच्या मशीनला लावा, इन्स्टॉल करायची गरज नाही. फक्त ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला प्रोग्रॅम ही कॉपी वाचत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुढे नोकरीत कंपनीने जॉज दिला तर तेव्हा शिका. बऱ्याच की सारख्याच आहेत.

एनव्हीडीए टाकला की लगेच दोन सेटिंग बदला. मूळ सेटिंगवर तो प्रिंट, कंस, टोटल, कंस पूर्ण अशी ओळ नुसती ‘प्रिंट टोटल’ म्हणून वाचतो. इफच्या ओळीच्या शेवटचा कोलनही गिळतो. तोच टाकायचा राहिला तर पायथॉन एरर देणार आणि तुम्ही अर्धा तास ती ओळ पुन्हापुन्हा ऐकत बसणार. इन्सर्ट आणि पी दाबत राहा, विरामचिन्हांची पातळी ‘ऑल’वर आणा. दुसरं इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा. डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये जाऊन ते टोनवर ठेवा, म्हणजे ओळ जितकी आत तितका सूर वर चढतो. पायथॉनमध्ये लूप कुठे संपला हे चार-पाच दिवसांत नुसत्या सुरावरून कळायला लागतं. मराठी आवाज एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण कोड ऐकायला इंग्रजी आवाजच बरा.

आता एडिटर. नोटपॅड प्लस प्लस हलका आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळतो. पण कोड चालवायला कमांड प्रॉम्प्टमध्ये जायचं, ‘ओळ 14 मध्ये एरर’ हे ऐकायचं, परत यायचं, कंट्रोल जी दाबून 14 टाकायचं. पहिल्या सत्रातल्या वीस ओळींच्या प्रोग्रॅमला हे वाईट नाही. उलट एरर नीट ऐकायची सवय लागते.

व्हीएस कोड वेगळ्या जातीचा. स्क्रीन रीडर चालू आहे हे तो बहुतेक वेळा आपणहून ओळखतो. एरर असलेल्या ओळीवर कर्सर गेला की बारीक आवाज येतो. एफ 8 दाबला की थेट पुढच्या चुकीवर नेतो आणि ती वाचून दाखवतो. मागच्या चुकीसाठी शिफ्ट एफ 8. टर्मिनलमधलं (कोड चालवायच्या खिडकीतलं) लांबलचक आउटपुट ऑल्ट एफ 2 ने साध्या मजकुरासारखं ओळीओळीने वाचता येतं. काही अडलं तर ऑल्ट एफ 1, मदत तिथेच. तोटा एकच, तो जड आहे. 4 जीबी रॅमवर आवाज अडखळतो, आणि कानावर काम करणाऱ्याला अडखळणं म्हणजे शिक्षाच. 8 जीबी असेल तर माझं मत सरळ व्हीएस कोडला.

जावा असेल तर एक्लिप्स हा एडिटरही धरा. त्याची बटणं, मेनू विंडोजचेच असल्याने स्क्रीन रीडरला ओळखीचे वाटतात. मोबाइल ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओत स्क्रीन रीडर सपोर्ट मुद्दाम चालू करावा लागतो. त्याच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका.

काही लॅबमध्ये अजून टर्बो सी हा डॉसच्या काळातला जुना कंपायलर डॉसबॉक्समधून चालवतात. तिथे पडद्यावर जे असतं ते स्क्रीन रीडरच्या लेखी निव्वळ चित्र, एक अक्षरही वाचलं जात नाही. सेटिंग बदलून काही होत नाही. जीसीसी या दुसऱ्या सी कंपायलरवर काम करू द्या म्हणून सरांना सांगा. कोड सीचाच आहे, अडायचं कारण नाही.

थोडंफार दिसत असेल तर स्क्रीन रीडरच्या आधी व्हीएस कोडची हाय कॉन्ट्रास्ट थीम आणि कंट्रोल प्लस करून बघा. एका हाताने टाइप करणाऱ्यांनी स्टिकी कीज चालू करावं, तीन-तीन की एकदम धरायचा त्रास वाचतो.

प्रॅक्टिकल परीक्षेला स्वतःचा लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह चालेल का, हे सत्र सुरू होतानाच लेखी विचारा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विचारलं तर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात परीक्षा पद्धतीत गरजेप्रमाणे बदल करायची तरतूद आहे, तिचा अर्जात उल्लेख करा. सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या.