स्कोप आधी की लॉजिक ॲनालायझर? काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

माझ्याकडे ५० मेगाहर्ट्झचा, चार चॅनेलचा डिजिटल स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते रेखाटून दाखवणारं उपकरण) आहे आणि काडेपेटीएवढा, आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा (सेकंदाला २.४ कोटी वेळा वाचणारा) यूएसबी लॉजिक ॲनालायझर, जो डिजिटल सिग्नल नोंदवतो. काही महिने दोन्ही वापरून मत पक्कं झालंय: मायक्रोकंट्रोलरवर (आर्डुइनोसारख्या बोर्डावरची प्रोग्रॅम करता येणारी चिप) काम करत असाल तर लॉजिक ॲनालायझर आधी घ्या, पण पुढेमागे स्कोप लागणारच हे धरून चला.

रोज हात जातो तो लॉजिक ॲनालायझरकडेच. पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर सिग्नल डीकोड करून थेट पत्ता, डेटा आणि ॲक (मिळाल्याची पोच) दाखवतं. सेन्सर गप्प असेल तर पत्ता चुकलाय की लायब्ररी भलतंच रजिस्टर (सेन्सरमधला डेटाचा कप्पा) वाचतेय, हे लगेच कळतं. सॅम्पलिंग (सिग्नल वाचण्याचा वेग) सिग्नलच्या निदान चौपट हवं. म्हणजे ४०० किलोहर्ट्झचा आय-टू-सी (चिपा दोन तारांवर जोडायची पद्धत) त्याला किरकोळ, पण ८ मेगाहर्ट्झच्या एसपीआयला (तशीच, पण वेगवान पद्धत) तो अपुरा. या छोट्या उपकरणात मोठी मेमरी नसते, डेटा यूएसबीवरून सरळ संगणकात जातो. त्यामुळे कमाल वेगाला कॅप्चर कधी कधी मध्येच तुटतं.

आणि त्याला दिसतात फक्त शून्य आणि एक. एका बोर्डावर आय-टू-सीचं वाचन अधूनमधून बिघडायचं. डीकोडमध्ये क्लॉकचा एखादा जादा पल्स दिसे, कारण मात्र कळेना. स्कोप लावला आणि उलगडा झाला: सिग्नल सावकाश, वाकत वर चढत होता. पुल-अप (लाइन वर ओढणारा रेझिस्टर) १० किलोओहमचा, वायरी लांब. लाइनची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तरी टाइम कॉन्स्टंट (सिग्नल किती सावकाश चढतो त्याचं माप) १ मायक्रोसेकंद होतो, आणि ४०० किलोहर्ट्झला चढायला जेमतेम ३०० नॅनोसेकंद मिळतात. २.२ किलोओहम लावले, दुखणं गेलं. वाय-फाय सुरू होताना ३.३ व्होल्टची लाइन क्षणभर खाली बसते, तेही स्कोपशिवाय पकडता येत नाही.

स्कोप निवडताना नुसत्या बँडविड्थवर (नीट दिसणारी कमाल फ्रिक्वेन्सी) जाऊ नका. माझ्या स्कोपचा १ गिगासॅम्पलचा (सेकंदाला १ अब्ज नोंदी) वेग चॅनेलमध्ये वाटला जातो, चारही चालू केले की प्रत्येकाला २५० मेगासॅम्पल. छंदाला ते भरपूर आहे. मेमरी मात्र जितकी जास्त तितकी चांगली. प्रोब (सर्किटला टेकवायची तार) १०-एक्सवरच (सिग्नल दहापट कमी करणारी सेटिंग) ठेवा, १-एक्सवर बँडविड्थ काही मेगाहर्ट्झवर येते. आणि हे नक्की लक्षात ठेवा: प्लगवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती मेन्सशी जोडलेल्या सर्किटला लावली तर शॉर्ट होऊन जिवावर बेतू शकतं. तसल्या कामाला डिफरन्शियल प्रोबच (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) हवा.