पुठ्ठा घेऊन जा: गोल्डन गेट पार्कमधलं मुलांचं मैदान

अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला मुलाकडे येऊन महिना झाला होता. दिवसभर घरात आम्ही दोघं आणि डिशवॉशर. एका शुक्रवारी रात्री सूनबाई म्हणाली, "बाबा, उद्या मुलांना घेऊन गोल्डन गेट पार्कला जाऊ या." मी मनात म्हटलं, बाग तर घरामागेही आहे, दोन झोके आणि एक घसरगुंडी, त्यासाठी सॅन फ्रान्सिस्को कशाला गाठायचं? पण गेलो. त्यानंतर आणखी दोनदा गेलो, आणि ते मीच मागे लागल्यामुळे. नातवंडांना घेऊन कुठे जावं हा प्रश्न पडलेल्या माझ्यासारख्या आजोबांसाठी हे लिहितो आहे.

आधी एक घोटाळा दूर करतो. गोल्डन गेट पार्क आणि तो प्रसिद्ध लाल पूल यांचा एकमेकांशी नावापुरताच संबंध. पूल १९३७ चा, बाग त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधीची. आमची ही पहिल्या दिवशी दुपारपर्यंत "अहो, पूल कुठून दिसतो?" असं विचारत होती. मैदानातून दिसत नाही. पुलासाठी वेगळा दिवस काढा.

दुसरं म्हणजे सगळी बाग बघण्याच्या फंदात पडू नका. १०१७ एकर आहे ती, लांबी पाच किलोमीटरच्या आसपास. आम्ही पहिल्या खेपेला तीच चूक केली. मुलाने गाडी थेट पश्चिम टोकाला नेली, कारण तिथे गवे आहेत. गवे म्हणजे अमेरिकन बायसन, १८९० च्या दशकापासून इथे पाळतात. मला बघायचे होते, मी पाऊण तास बघितले. ते बसले होते. पाऊण तासाने पण ते बसलेलेच होते. धाकटा नातू साडेचार वर्षांचा, तो म्हणाला, "आबा, यांची बॅटरी संपली." मग मध्ये कुठे डबा खाल्ला, कुठे वाट चुकलो, आणि पूर्व टोकाच्या मुलांच्या मैदानावर पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. फिरत्या घोड्यांचं यंत्र त्या दिवसापुरतं बंद झालेलं. रडारड झाली. तेव्हा सांगून ठेवतो: सकाळी सरळ मैदानात या, बाकी सगळं नंतर.

मैदानाचं अधिकृत नाव कोरेट चिल्ड्रन्स क्वार्टर. २००७ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा हे नाव मिळालं, पण जागा फार जुनी. २२ डिसेंबर १८८८ ला ती मुलांसाठी खुली झाली, आणि अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक बालमैदान म्हणून तिचा उल्लेख होतो. विल्यम शॅरन नावाचे एक सिनेटर होते, त्यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून ते उभं राहिलं. त्या काळची दगडी इमारत अजून शेजारी आहे. तिथे मुलांना दूध आणि आइस्क्रीम मिळायचं, आणि बोकड जुंपलेल्या छोट्या गाड्यांतून मुलं रपेट मारायची. १९०६ च्या भूकंपात इमारत पडझडली, मग पुन्हा बांधली. आता आत कलेचे वर्ग चालतात. बोकडाच्या गाडीचं मी थोरल्या नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर." मलाही तसंच वाटलं.

आत दोरांचं एक मोठं जाळं आहे, त्यावर मुलं कोळ्यासारखी चढतात. लाटांच्या आकाराच्या भिंती आहेत, वाळू आहे, झोके आहेत. हे सगळं चांगलंच आहे, पण अशी मैदानं इथे इतर गावांतही दिसतात. इथे यायचं ते घसरगुंडीसाठी.

उतारावर बांधलेली सिमेंटची लांब घसरगुंडी. प्लास्टिक नाही, पत्रा नाही, चक्क सिमेंट. तिच्यावर नुसतं बसलं तर माणूस मध्येच अडकतो आणि पँटची वाट लागते. म्हणून पुठ्ठा. खोक्याचा पुठ्ठा बुडाखाली घ्यायचा, त्याची पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढून धरायची, पाय पुठ्ठ्यावर घ्यायचे आणि सुटायचं. आधीच्या मुलांनी टाकून दिलेले पुठ्ठे पायथ्याशी पडलेले असतात, येणारा उचलतो, जाणारा ठेवून जातो. यावर कोणाची देखरेख नाही. पण ते पुठ्ठे दहा जणांनी वापरून मऊ पडलेले असतात, त्यांना वेग नसतो. घरून नवा, जाड, दोन पदरी न्या. टीव्हीच्या खोक्याचा सर्वांत उत्तम, हे मी तीन खेपांच्या अनुभवावरून सांगतो.

आणि वाळू. हे मला एका सहा-सात वर्षांच्या मुलीने शिकवलं, ओळख ना पाळख. वर चढताना मूठभर वाळू न्यायची आणि सुटण्याआधी खाली भुरभुरवायची. पुठ्ठा जो निघतो तो थांबत नाही.

मी बसलो का? बसलो. वय अडुसष्ट, गुडघ्याचं दुखणं आहे, आणि ही खालून "अहो, लोक बघतायत" म्हणत होती. लोक खरंच बघत होते, कारण पुठ्ठ्याची कड धरायची सोडून मी चष्मा धरला. पुठ्ठा एकीकडे, मी एकीकडे, आणि पँटला मागे रुपयाएवढं भोक. धाकटा मात्र खूश. "आबा, अगेन!" दुसऱ्यांदा नीट आलो. तिसऱ्यांदा कोणी बोलावलं नव्हतं.

एक मजेशीर नियम: इथल्या बालमैदानात मूल सोबत नसलेल्या मोठ्या माणसाला प्रवेश नाही. म्हणजे घसरगुंडीवर जायचं तर नातू लागतो. आजवर मी त्याला घेऊन जातो अशा समजुतीत होतो.

आता थोडं माझ्या धंद्याचं. मी सामाजिक वनीकरणातून निवृत्त झालो. उमेदीची बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकिनारी सुरूची रोपं लावण्यात गेली. वाळूत झाड लावणं काय असतं ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी लावलेली ओळ सकाळी गायब असते. रात्रीच्या वाऱ्याने वाळू सरकते आणि रोपाचा शेंडा तेवढा वर दिसतो, तोही दिसला तर. त्यामुळे धाकटा वाळूत बोगदा खणत होता तेव्हा मी झाडं बघत बसलो होतो, मॉन्टेरे सायप्रस, पाइन, आपली नीलगिरी. मुलगा सहज म्हणाला, "बाबा, हे सगळं आधी वाळवंट होतं." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतोय. घरी येऊन वाचलं तर खरंच.

दीडशे वर्षांपूर्वी शहराच्या या बाजूला समुद्रापर्यंत वाळूची टेकाडं होती. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ऑल्मस्टेडनाही इथे झाडं जगतील असं वाटलं नव्हतं. विल्यम हॅमंड हॉल या तरुण इंजिनियरने १८७० मध्ये मोजणी सुरू केली, पुढच्या वर्षी तो बागेचा पहिला अधीक्षक झाला. त्याने आधी ल्युपिन नावाचं शेंगवर्गीय झुडूप पेरून बघितलं. ते मूळ धरेपर्यंत वाळू त्याला गाडून टाकायची. मग गोष्ट अशी सांगतात की घोड्याच्या तोबऱ्यातून भिजवलेले सातू वाळूत सांडले आणि थोड्याच दिवसांत तरारून आले. हॉलने ते हेरलं. सातू आणि ल्युपिन एकत्र पेरले. सातू झटकन उगवून वाळू धरून ठेवी, आणि तो मरेपर्यंत ल्युपिनची मुळं खाली गेलेली असत. त्यावर गवत, गवतानंतर झाडं.

हे वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. आमच्याकडे आम्ही रोपाभोवती झावळ्यांचा आडोसा करायचो आणि घागरीने पाणी घालायचो. त्याच्या घोड्याच्या तोंडून जे सांडलं ते आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. अर्थात आमच्याकडे घोडा नव्हता.

हॉलनंतरचे जॉन मॅक्लेरन हे स्कॉटलंडचे. १८८७ पासून १९४३ मध्ये मरेपर्यंत बाग त्यांच्याकडे होती. त्यांना पुतळ्यांचा तिटकारा, कोणी आणून बसवलाच तर समोर झुडपं लावून तो झाकून टाकायचे. आणि गवतावर चालू नका अशी पाटी बागेत लागता कामा नये, हा त्यांचा आग्रह. पुतळ्यांबद्दल मी काही बोलत नाही, पण त्या गवतावर मी आडवा होऊन अर्धा तास झोपलो आहे.

फिरत्या घोड्यांचं यंत्र दुसऱ्या खेपेला मिळालं. ते १९१४ चं, लाकडात कोरलेले ६२ प्राणी, आणि गोल इमारत देवळासारखी, खांबांची. प्राण्यांत घोडे आहेतच, पण कोंबडा आहे, डुक्कर आहे, मांजर आहे, झेब्रा आहे आणि कपडे घातलेला बेडूक आहे. बेडकासाठी मुलांची झोंबाझोंबी होते, म्हणून दार उघडल्यावर सरळ तिकडे चाला. थोरली नऊ वर्षांची, ती आधी "धिस इज फॉर बेबीज" म्हणत लांब उभी होती. मग कोंबड्यावर बसली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. आमची ही उभ्यानेच धाकट्याला धरून फिरली आणि उतरल्यावर म्हणाली की जत्रेतल्या पाळण्यात पोटात गोळा येतो तसा इथे येत नाही, त्यामुळे पैसे वसूल नाहीत.

तिकीट वेगळं घ्यावं लागतं. मैदान मात्र फुकट.

येताना आम्ही दुसऱ्या खेपेपासून गाडी सोडून दिली. फ्रीमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेने सिव्हिक सेंटर, तिथून एन-जूडा ट्राम. स्टॅनियन रस्त्याच्या थांब्यावर उतरलं की दहा-बारा मिनिटं चालत मैदान. शहराच्या मुनी बस-ट्राममध्ये अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, आणि पासष्टच्या पुढच्यांना सवलत आहे. पार्किंग शोधत चकरा मारण्यापेक्षा हे बरं, शिवाय ट्राम बोगद्यातून बाहेर येते तेव्हा धाकटा दर वेळी टाळ्या वाजवतो.

स्वेटर विसरू नका. जुलै आहे म्हणून मी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात गेलो होतो. फ्रीमाँटला रणरणतं ऊन होतं आणि इथे धुकं, समुद्राचा बोचरा वारा. उन्हाळ्यातच इथे धुकं जास्त. मुलं पळत असतात, त्यांना काही वाटत नाही, कुडकुडतो तो बाकावर बसलेला आजोबा. कानटोपी नेली तरी कोणी हसणार नाही. हसलं तर तोपर्यंत तुमचे कान गरम असतील. शनिवारी दुपारी वाढदिवसाच्या पार्ट्या असतात, घसरगुंडीला रांग लागते. दहाच्या सुमाराला पोहोचलो तेव्हा जवळजवळ मोकळी होती.

पाचांपैकी साडेचार. अर्धा वाऱ्याचा कापला, त्याला इलाज नाही.

परवा घरी एक मोठं खोकं आलं, खुर्चीचं. मुलगा ते फाडून रिसायकलच्या डब्यात टाकायला निघाला होता. धाकट्याने त्यावर आधीच मार्करने दोन नावं लिहून ठेवली होती, एक त्याचं, आणि दुसरं, उलट्या अक्षरांत, आबा.